कोरा राहिलेला फोनचा रकाना

रुग्णालयाच्या कॉम्प्युटर खोलीतल्या धाकटीला सगळे खिजवायचे, की हिला माणसं ओळखू येत नाहीत, त्यांचे नंबर तेवढे ओळखू येतात. त्या दुपारी मात्र चेष्टेची कोणाची छाती झाली नाही. वरच्या मजल्यावर तिची ताई बाळंतपणात रक्त जाऊन पांढरीफटक पडली होती. तिच्या गटाची रक्तपेढीतली शेवटची पिशवी संपली होती.

रक्तदात्यांची माहिती कॉम्प्युटरमधल्या तीन टेबलांत, म्हणजे तक्त्यांत, विखुरलेली: एकात नावं, दुसऱ्यात रक्तगट, तिसऱ्यात फोन. दात्याच्या नोंदणी नंबरावरून तिन्ही जोडून ताईच्या गटाचे दाते शोधणारी एकच क्वेरी, म्हणजे यंत्राला घातलेला प्रश्न, धाकटीने लिहिली. मोजकी नावं आली. एक परदेशी, एक तापाने फणफणलेला, बाकीच्यांचे फोन लागेनात. तिने तीच क्वेरी पुन्हा चालवली, जणू यंत्राला दया येणार होती.

दाजी दारात आले. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारा माणूस नुसता चौकटीला टेकला. "धाकटे, ती तुझं नाव घेतेय गं."

समोर बसलेले साहेब पुटपुटले, की फोन किती वेळ अडवून ठेवायचा. चेहरा कायम एरंडेल प्यायल्यासारखा, म्हणून सगळे त्यांना एरंडेलच म्हणत. धाकटीला त्यांचा गळा धरावासा वाटला, आणि त्याच क्षणी तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

फोन! तिची क्वेरी तिन्ही टेबलांत सापडेल त्यालाच आत घेत होती. ज्याचा फोन नोंदलेला नाही, तो गुपचूप गळत होता. आणि फोन कोणाचा नोंदत नसत? घरच्याच माणसांचा. कर्मचाऱ्यांच्या रक्तदान शिबिरात रोज दिसणाऱ्या तोंडांना फोन कोण विचारणार? तिने फोनचं टेबल लेफ्ट जॉइनने जोडलं, म्हणजे फोन असो नसो, माणूस यायलाच हवा. नवी एकच ओळ आली. फोनचा रकाना कोरा.

तिने नाव वाचलं आणि समोर पाहिलं.

त्या शिबिरात रक्त देऊन उठताना एरंडेल चक्कर येऊन आडवे झाले होते. ही गोष्ट फुटू नये म्हणून त्यांनी नर्सबाईंना दम भरला होता, त्यामुळे ती सगळ्या रुग्णालयाला ठाऊक होती. फक्त गट कोणी विचारला नव्हता.

धाकटीने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "सकाळपासून सांगेन सांगेन म्हणतोय. ती सुई..."

"डोळे मिटा," ती म्हणाली. "पण उठा."

पिशवी भरू लागली. दाजी ती घेऊन धावायला उभेच होते. वर ताई अजून धाकटीचं नाव घेत होती, आणि धाकटीला जागचं हलता येईना. साहेबांनी डोळे घट्ट मिटून तिचा हात आवळून धरला होता.