इथेनॉलवरची गाडी जऊळक्याला थांबते

पुण्याहून पहाटे निघालो तेव्हा माझ्या छोट्या गाडीचं मला भारी कौतुक होतं. गाडी दहा वर्षांची जुनी, पण आठवड्यापूर्वीच तिला फ्लेक्स फ्युएलचं किट बसवलेलं. आता पेट्रोल, इथेनॉल, दोन्हींचं कसलंही मिश्रण तिला चालणार होतं. मी हौसेनं टाकी इथेनॉलनं काठोकाठ भरली. मागं बसलेल्या आईचा शेरा तयारच होता, "पंचशील घेतलेल्या घरची गाडी, अन् दारू पेऊन राह्यली!"

आईचं माहेर किन्हीराजा. तिचा धाकटा भाऊ, माझा मामा, हृदयाच्या ऑपरेशनसाठी दुपारी चारला अकोल्याला निघणार होता. त्याआधी त्याला एकदा डोळे भरून पाहायचं, एवढाच तिचा हट्ट.

मालेगावपर्यंत गाडी झकास पळाली. दोन्हीकडं पिवळं पडलेलं सोयाबीन, मधूनच तुरीचे हिरवे पट्टे. किन्हीराजाच्या थोडं अलीकडं, जऊळक्याजवळ मात्र ती आचके देऊ लागली आणि एका गॅरेजसमोर बंदच पडली. साडेतीन वाजले होते.

मिस्त्री रफिकभाईंनी मागची सीट उचलली, पंप बाहेर काढला आणि काळाकुट्ट फिल्टर माझ्यापुढं धरला. "इतक्या सालाचा टाकीतला कचरा इथेनॉलनं धुऊन काढला, साहेब. फिल्टर बदला म्हणून किटवाल्यानं सांगतलं नाही का?"

सांगितलं होतं. लांब जाण्याआधी बदलाच, असं बजावलं होतं. मीच म्हटलं, परतल्यावर बघू. शहाण्याला शब्दाचा मार, पण त्यासाठी आधी शहाणा असावा लागतो.

नवा फिल्टर मालेगावहून यायला तास लागणार होता. आई रडायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आजी, रडता कायले?" रफिकभाईंनी हात पुसत विचारलं. आईनं सगळं सांगितलं, तसे ते हसले. "किन्हीराजाहून आकोल्याले जातीन तं याच रस्त्यानं जातीन ना! फोन लावा. इथंच थांबवू त्याइले."

मोबाइलवर नकाशा उघडून बसलो होतो मी, आणि एवढं साधं सुचलं नव्हतं.

समोरच्या टपरीवरून रफिकभाईंनी गरम आलुबोंडे (आपले बटाटेवडे) मागवले. आईनं एकालाही हात लावला नाही. सव्वाचारला मामाची जीप थांबली. तो उतरायच्या आत आईनं जाऊन त्याचा हात धरला.

"मले लय भेव वाटून राह्यलं होतं, बाई (थोरली बहीण)," मामा म्हणाला.

"चाल, मी आली तुह्यासंग," म्हणत ती जीपमध्ये चढलीसुद्धा. पिशवी गाडीत राहिली, मीही राहिलो.

ऑपरेशन नीट पार पडलं. पंधरा दिवसांनी मामाला घरी पोचवून पुण्याला परतताना आम्ही जऊळक्याला मुद्दाम थांबलो. मामीनं रफिकभाईंसाठी घरची तुरीची डाळ दिली होती. आता गाडी किती छान चालतेय ते सांगायला मी तोंड उघडलं, तोवर त्यांनीच आईला विचारलं, "मामा जेवतेत का आता बराबर?" मग दोघं मामाच्या पथ्यपाण्यावर बोलत बसली. त्या गप्पांत रफिकभाईंचे आभार मानायचे राहूनच गेले. ते मानावेत म्हणून हे सगळं लिहिलं.