सोडून आलेलीला विचार

माणूस येताना काय बोलतो त्याला काडीची किंमत नसते. आधीच्या जागेवरून तो का गेला, ते बघायचं. भिवंडीजवळ दापोड्याला आमच्या भातशेतीच्या जागेवर आता दोन गाळे उभे आहेत, त्यांच्या भाड्यावर माझं घर चालतं. नवा भाडेकरू आला की त्याची गाडी, त्याचं इंग्रजी, त्याचे कागद मी बाजूला ठेवतो. त्याच्या जुन्या गाळ्यावर जातो, वॉचमनला चहा पाजतो आणि विचारतो, "शेठ का गेला रे हितून?" वॉचमन खरं सांगतो, कारण त्या शेठकडून त्याला आता काही मिळायचं नसतं.

म्हणून मुलगी जेव्हा म्हणाली, "बाबा, मला जर्मनीत हॉस्पिटलमध्ये नोकरी मिळतेय," तेव्हा माझ्या तोंडून पहिलं हेच निघालं, "कोण गंडवतंय तुला?"

घरात आम्ही दोघंच. तिची आई ती शाळेत असतानाच गेली. पोर नर्स झाली, धामणकर नाक्यावरून शेअर रिक्षा पकडून कल्याणला ड्युटीला जायला लागली, आणि सुट्टीच्या दिवशी ठाण्याला जर्मन शिकायची. मला वाटलं, असेल हौस. हौस कसली! बाईसाहेब परीक्षाही पास होऊन बसल्या होत्या.

खरं सांगू? ती गेली की घरात मी आणि टीव्ही. पण हे पोरीला तोंडावर सांगायची लाज वाटते. संशय घ्यायला मात्र लाज वाटत न्हाय, उलट चार लोक हुशार म्हणतात. मग मी तेच केलं.

"पगाराचं सोड, खर्चाचं बोल. खोलीचं भाडं किती?"

"दोन प्रकारचं असतं. थंड भाडं आणि गरम भाडं."

"आयला! भाडं कधी गरम असतं काय?"

"थंड म्हणजे नुसती खोली. हीटर, पाणी वगैरे धरलं की गरम. आणि किचन बहुतेक आपलं आपण लावायचं. आधीचा माणूस जाताना ओटा, सिंक काढून नेतो."

मी कपाळावर हात मारला. माझे भाडेकरू जाताना पंखे आणि ट्यूबलाइट काढून नेतात, तेवढ्यावर मी डिपॉझिट अडवून धरतो. ही तर ओटाच उचलून नेणारी माणसं! असल्यांच्या देशात माझी पोर?

मग विमा किती कापतात, कर किती, नोकरी गेली तर व्हिसाचं काय, आजारी पडली तर बघणार कोण, असं रोज जेवताना सुरू झालं. ती शांतपणे उत्तर द्यायची, आणि उत्तर बरोबर आलं की मला जास्तच राग यायचा. नोकरी लावून देणारा एजंट साधा मेल पाठवायचा, त्यातही मला खोट दिसायची. तिच्या क्लासची एक मैत्रीण तिकडे गेलेली, ती बर्फातले फोटो पाठवायची. मी म्हणायचो, "दुरून डोंगर साजरे. जी तिथंच हाय ती वाईट कशाला सांगेल? जी सोडून आलीय तिला विचार."

बोललो खरा, पण पोर माझीच. तिनं शोधून काढली. त्याच हॉस्पिटलमध्ये काम करून परत आलेली एक बाई, राहायला कल्याणला. "चल," म्हणाली, "तुझ्याच तोंडानं विचार."

गेलो. पस्तिशीची असेल ती. चहा दिला आणि मी विचारीन ते न लपवता सांगितलं. पगार वेळेवर. भाडं पगाराचा मोठा घास घेतं, पण घरी करून खाल्लं तर चार पैसे बाजूला पडतात. भाषा कच्ची असली तर पहिलं वर्ष रडवतात. काम भरपूर, पण कुणी अंगावर ओरडत नाही. मी मनात म्हटलं, एवढं चांगलं हाय तर पाणी मुरतंय कुठं?

"मग सोडलंत का?"

ती उत्तर देणार तेवढ्यात आतून कण्हल्यासारखी हाक आली. ती उठली. दार अर्धं उघडं होतं. पलंगावर एक म्हातारा होता, तिनं त्याला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं आणि बाहेर आली.

"वडील," ती म्हणाली. "एकटेच होते इथे. बाथरूममध्ये पडले. शेजाऱ्यांनी दार फोडलं तोवर फार वेळ गेला होता. मला तिथून कुणी हाकललं नाही, काका."

माझी मुलगी माझ्याकडे बघत होती. मी कपातल्या चहाकडे.

येताना रिक्षात ती भिवंडी आल्यावर एवढंच म्हणाली, "उद्या हॉस्पिटलला नाही म्हणून कळवते."

मी जिंकलो होतो. इतके दिवस जे पाहिजे होतं ते मिळालं. पण एवढी शिकलेली, हुशार पोर, आणि का थांबणार? मी एखाद दिवशी न्हाणीत घसरून पडीन म्हणून? माझी मलाच भयंकर चीड आली.

घरात शिरता शिरता मी बोललो, "अगं, सांगायचं राहिलं. आत्या येतेय हितं राहायला. कायमची. कालच बोलणं झालं आमचं."

माझी बहीण पडघ्याला असते. माझ्याकडे ती दोन दिवस टिकत न्हाय, पाण्याच्या मोटारीवरून भांडून तिसऱ्या दिवशी एसटी पकडते. काल काय, महिनाभर आमचं बोलणं नव्हतं. पोरीला हे सगळं ठाऊक.

ती चपला काढत होती. तशीच थांबली, मग म्हणाली, "बरं झालं."

ती गेली. आता रोज व्हिडिओ कॉल येतो. खोली दाखवते, लावून घेतलेला ओटा दाखवते. शेवटी विचारते, "आत्या कशी आहे?" मी म्हणतो, बाजारात गेलीय, न्हायतर झोपलीय. ती म्हणते, "बरं. काळजी घे, बाबा."

आजवर एकदासुद्धा ती "आत्याला फोन दे" म्हणालेली नाही.