तिच्या आईचं उत्तर

चाकणच्या चौकात बस अडकली की बाकीच्या बायका वैतागायच्या आणि आम्हा दोघींना बरं वाटायचं. तेवढीच मुलाखतीच्या सरावाची एक केस जास्त व्हायची.

आम्ही दोघी तेव्हा चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो. आलेला माल मोजमापात बसतो का बघायचं, नापास मालाला लाल टॅग बांधायचा. दोघींनी तिशी ओलांडलेली. ती कासारवाडीची, आईबरोबर राहणारी. मी लातूरकडची, भोसरीत भाड्याच्या खोलीत. ती माझ्या आधी बसमध्ये चढायची आणि खिडकीची जागा माझ्यासाठी धरून ठेवायची. बातमीही तिनंच आणली. सॉफ्टवेअर कंपन्यांत प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून कारखान्यातली माणसं घेतात म्हणे. काम काय, तर कुठलं ॲप करायचं, कुणासाठी करायचं, त्यात आधी काय नि नंतर काय, हे ठरवणं. मुलाखतीत 'केस' देतात, म्हणजे एखादी अडचण सांगतात आणि आपल्याकडून सोडवून घेतात. उत्तरापेक्षा विचार कसा करता ते बघतात, आणि त्यासाठी फ्रेमवर्क लागतं.

आमचं फ्रेमवर्क जुन्या तपासणीच्या तक्त्यामागच्या कोऱ्या बाजूला लिहिलेलं होतं. पाच रकाने. कुणासाठी, त्याला नडतं काय, उपाय कोणते, त्यातला आधी कोणता, आणि जमलं हे कळणार कसं. कारखान्यात तक्त्यातला एक रकाना कोरा राहिला तर साहेब सगळ्यांसमोर झाडायचे. त्यामुळे आम्ही पाचही रकाने भरायचोच, डोक्यात काही असो वा नसो. रकाना भरला म्हणजे विचार झाला, अशी आमची समजूत. माझी तरी होतीच.

भोसरी ते मोशी ती विचारणार, मोशी ते चाकण मी. एकदा ती म्हणाली, "म्हाताऱ्या माणसांसाठी मोबाइल. बोल."

मी सुरू झाले. "मोठी अक्षरं, मोठी बटणं, मोठा आवाज..."

"ओ ताई," ड्रायव्हरकाका आरशातून ओरडले. ते मूळचे मोशीचेच. "म्हातारा बहिरा हाय का आंधळा, आधी इचारा की! समदंच मोठ्ठं केल्यावर खिशात जायचा न्हाई त्यो."

आख्खी बस हसली. ती मला कोपर मारून म्हणाली, "काकांना घेतील बघ. तुला न्हाई."

ती मात्र पहिला रकाना भरायला वेळ घ्यायची. कागद मांडीवर उलटा ठेवायची आणि माणूस डोळ्यांसमोर आणायची. घरात कोण असतं, सकाळी काय करतो. मी म्हणायची, "वेळ चाललाय बाई, लिही काहीतरी." ती म्हणायची, "थांब गं, अजून दिसला नाही तो मला."

एका सकाळी ती आपणहून म्हणाली, "आपल्या बसचंच ॲप करायचं झालं तर?"

"सोपंय. बस कुठं आहे ते नकाशावर दाखवायचं."

"ते मला काय उपयोगाचं? मी स्टॉपवर उभीच राहत नाही. हायवेवर एकटी बाई दिसली की गाड्या थांबतात. माझी आई गॅलरीत उभी असते. बस पुलाखालून वळली की ओरडते, 'आली गं!' मग मी जिना उतरते. बस कुठं आहे ते नको मला. घरातून कधी निघू, ते पाहिजे."

मी तक्त्यावर ते लिहूनही घेतलं नाही. लिहायची गरजच नव्हती, इतकं ते मनात बसलं.

मुलाखत दोघींची एकाच दिवशी, एकाच ऑफिसात होती. मला आधी बोलावलं. समोर एक बाई आणि एक गृहस्थ. अर्जात आमचा कारखाना बघूनच की काय, त्यांनी विचारलं, "कामगारांच्या बससाठी ॲप करायचं आहे. कसं कराल?"

मी पाच रकाने धडाधड भरले. बाईंनी पेनला टोपण लावलं. म्हणाल्या, "हे सगळेच सांगतात. तुमचं स्वतःचं काय?"

आणि मी म्हणाले, "माझी आई गॅलरीत उभी राहते."

माझी आई तेव्हा लातूरकडे होती. तिनं आमची बस कधी पाहिलीसुद्धा नव्हती. पण मी पूल सांगितला, जिना सांगितला, 'आली गं' सांगितलं. बाईंनी टोपण परत काढलं आणि लिहू लागल्या.

मग ती आत गेली. बाहेर आली ती गोंधळलेलीच.

"मला आपल्या बसचंच विचारलं गं. मी आईचं सांगितलं, तर एकमेकांकडे बघून हसले. म्हणाले, छान आहे, पण तुमचं स्वतःचं काय?" मग ओढणीचं टोक पिळत म्हणाली, "घरचं सांगायला नको होतं ना? तुला काय विचारलं?"

"लिफ्टचं," मी म्हणाले. "सोसायटीतल्या लिफ्टचं."

त्या कंपनीचं पत्र मला आलं. तिच्या आईनं मला घरी बोलावून ओटी भरली. "माझी एक पोरगी तरी सुटली चाकणच्या धुळीतनं," म्हणाली. मी वाकून नमस्कार केला. ती गॅलरी तिथंच समोर होती. त्या दिवशीही बोलता आलं असतं.

ती पुढं महिनोन्‌महिने लिफ्टची केस घोकत राहिली. फोन करून विचारायची, "गर्दीच्या वेळेची लिफ्ट आणि रिकाम्या वेळेची, वेगळं धरू का गं?" मी चक्क शिकवायची. तिनं आणखी दोन मुलाखती दिल्या. दोन्हीकडे घरचा शब्द काढला नाही, आणि दोन्हीकडे तिला म्हणाले की तुम्ही पाठ केल्यासारखं बोलता. मग तिनं तो नाद सोडला. आज ती त्याच कारखान्यात क्वालिटीची मुख्य आहे, चांगलं चाललंय. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय, की त्याच्यावर आता माझाच विश्वास उरला नाही.

मी आता टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते. पोरंपोरी येतात, फ्रेमवर्क म्हणून दाखवतात. मी पेनला टोपण लावते आणि त्या बाईंचाच प्रश्न विचारते. दर वेळी तोंड कडू होतं.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. भाची या मुलाखतींची तयारी करत होती. "तू शिकव तिला. आणि एवढं बजाव, घरचं काही सांगू नको म्हणावं. हसतात."

मी म्हणाले, "रविवारी येते."

चऱ्होलीला त्यांचा नवा फ्लॅट आहे. भाची कागदावर पाच रकाने आखून बसलेली, मैत्रिणीची आई खुर्चीत लसूण सोलत होती. मी पाणीही घेतलं नाही. घेतलं असतं तर बोलले नसते.

"ते तुला हसले नव्हते," मी मैत्रिणीला म्हणाले. "तुझं उत्तर त्यांनी आधीच ऐकलं होतं. माझ्याकडून. तुझी आई मी माझी म्हणून सांगितली. लिफ्टचं मला कुणी काही विचारलंच नव्हतं."

तिनं विचारलं, "त्यांना आवडलं होतं?"

"त्याच्यावरच मला घेतलं."

आईनं लसूण खाली ठेवला. मला वाटलं, आता बोलेल ते ऐकायचं. तर ती म्हणाली, "मग त्या ॲपात दुधाचं काय केलंस?"

"कुठलं दूध, आई?"

"हिची बस बघायला मी गॅलरीत, आणि आत दूध उतू. रोज! बाहेर उभी राहू का आत? हिचा जिना सांगितलास, माझा गॅस नाही सांगितलास होय?"

भाची खुदकन हसली. माझी मैत्रीण हसली नाही. तिनं भाचीपुढचा कागद स्वतःकडे ओढला, त्याच्याकडे बघत बसली.

"पुढच्या रविवारी तू येऊ नकोस," ती मला म्हणाली. आवाज चढला नव्हता. "हिला मी शिकवते."

मी बरं म्हणाले आणि उठले. दाराबाहेर चपला घालत होते, तेव्हा आतून तिचा आवाज आला, बसमधल्यासारखाच, घाई नसलेला.

"रकाने राहू दे. तो कागद उलटा ठेव. आधी मला सांग, त्या माणसाच्या घरात कोण कोण असतं?"