पाच चिनी आणि एक हापसा

आमच्या शाळेत पाणी आलं ते एका चिनी माणसामुळे. हे कोणाला सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग विषय बदलतो. पण गोष्ट खरी आहे. फक्त तो चिनी माणूस एक नव्हता, ते पाच होते आणि पाचांचं नाव एकच होतं. ते नाव इथे देत नाही. दिलं तरी तुम्ही विचारणार, यातला कोणता?

लातूर जिल्हा तेव्हा नवाच झाला होता. निलंग्याच्या बाजूच्या आमच्या गावाला त्याचा फरक एवढाच पडला, की अर्ज जिथे जाऊन पडून राहायचे ते ठिकाण बदललं. पाऊस जुन्या जिल्ह्यात पडत नव्हता, तो नव्यातही पडेना. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, गावाबाहेरच्या तलावावर सरकारी चौकीदार होते. तलावात थेंब नव्हता. तरी आबा रोज खाकी सदरा घालून, काठी घेऊन तलावाच्या बांधावर, पाळूवर जाऊन बसायचे. कोणी हटकलं तर म्हणायचे, "पाण्याची राखण न्हाई माझ्याकडं, तलावाची हाय. तलाव हाय ना जागेवर?"

आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, शाळेच्या कुंपणाला लागून. वस्तीतला आड आटला होता. गावच्या विहिरीत तळाशी पाणी होतं, पण आमच्या बायांना तिथे पोहरा टाकायची मुभा नव्हती. माझी माय घागर घेऊन काठापासून लांब उभी राहायची. कोणाला दया आली तर ती बाई वरून तिच्या घागरीत पाणी ओतायची. ऊन चढेल तशी दया कमी व्हायची. आम्ही बौद्ध होऊन पाव शतक उलटलं होतं, पण विहिरीला ते कोणी कळवलं नव्हतं.

अशात लातूरच्या काही व्यापाऱ्यांनी नव्या जिल्ह्याच्या आनंदात शाळांची वक्तृत्व स्पर्धा ठेवली. खर्च एका दालमिलवाल्यांचा. त्यांना सगळे अप्पा म्हणत. कपाळभर भस्म, गळ्यात लिंग आणि बोलणं रोखठोक. पहिल्या नंबराला ढाल द्यायचं घाटत होतं, तर अप्पा म्हणाले, "ढालीत पाणी राहत न्हाई. जी शाळा पहिली येईल तिच्या आवारात मी बोअर मारून हापसा बसवून देतो." झालं. जिल्ह्याला वक्तृत्वाचं वेड लागलं. हजेरी देताना ज्यांना घाम फुटायचा ती पोरं बांधावर उभी राहून हातवारे करायला लागली.

विषय होता जगातला थोर पुरुष. कोणत्या शाळेनं कोणावर बोलायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. हेडमास्तर निलंग्याहून चिठ्ठी घेऊन आले तेव्हा सगळा पार भरला होता. शेजारच्या गावाला एक अमेरिकेचा अध्यक्ष लागल्याची बातमी आधीच येऊन पोचली होती.

"आपल्याला कोण निघालं?" सरपंचांनी विचारलं.

हेडमास्तरांनी ते चिनी नाव वाचलं. सरपंचांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग एक म्हातारा म्हणाला, "बदलून मिळत न्हाई का?"

बोलायला मला उभं करायचं ठरलं. मी नववीत होते आणि माझा आवाज मोठा होता. पाळूवर बसलेल्या आबांना वस्तीतून जेवायला हाका मारून मारून तो तसा झाला होता. मुलगी, त्यात खालच्या वस्तीतली, हे सरपंचांना रुचलं नाही. त्यांनी आपला पुतण्या पुढे केला. पण तो 'सन्माननीय अध्यक्ष महोदय' या तीन शब्दांच्या पलीकडे काही केल्या जाईना. शेवटी अडला हरी म्हणून त्यांनी मान हलवली.

भाषण लिहायचं काम मराठीच्या गुरुजींकडे आलं. गुरुजी फार सज्जन. श्रावणात मठात पोथी वाचायचे आणि पोथी वाचून वाचून त्यांना सगळं जग अध्यायांतच दिसायचं. ते लातूरला वाचनालयात गेले, जाडजूड ज्ञानकोश उघडला आणि त्या नावाखाली जे होतं ते उतरवून आणलं. एक ते पाच असे आकडे घातलेले पाच परिच्छेद होते. कोश चाळायची सवय असलेल्याला कळतं, की ही एकाच नावाची पाच वेगळी माणसं. गुरुजींनी कोश जन्मात पहिल्यांदा उघडला होता. त्यांना ते पाच अध्याय वाटले.

तर आमचा चिनी पहिल्या अध्यायात सेनापती होता आणि नदीकाठची लढाई जिंकत होता. दुसऱ्यात तो मंत्री झाला, राजाला खरं बोलला आणि राजानं त्याचं मुंडकं उडवलं. तिसऱ्यात तो डोंगरात राहून पावसावर कविता करू लागला. चौथ्यात नाडी बघून औषध देणारा वैद्य झाला. आणि पाचव्यात त्यानं टेबल टेनिसमध्ये जगातल्या भल्याभल्यांना हरवलं. कोश छापला तेव्हा तो हयात होता.

गुरुजींनी सनावळ्यांची वजाबाकी केली तेव्हा वय चौदाशेच्या आसपास गेलं. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. "आपल्याकडं न्हाई का वाघावर बसून आलेले चौदाशे वर्षांचे योगी? तिकडं एक असला तर काय बिघडलं?"

"आन् मुंडकं?" कोणीतरी विचारलं.

"बसवलं असंल परत. चौथ्यात तो वैद्यच हाय की."

तालीम पारावर व्हायची. मी उभी राहून अध्याय म्हणायची आणि गाव मांडी घालून ऐकायचं. हळूहळू तो चिनी गावचा झाला. भाकरी बडवता बडवता बाया विचारायच्या, "काय गं, कुठवर आला तुझा चिनी?" पावसावरच्या कवितांचं ऐकून सरपंच म्हणाले, माणूस कामाचा दिसतो. चिठ्ठी बदलून मागणारा म्हातारा तेवढा शेवटपर्यंत नाराज राहिला. टेबल टेनिस म्हणजे काय ते गुरुजींनी त्याला समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, "चौदाशे वर्षं तप केलं आन् शेवटाला चेंडूच खेळला?"

आबांनी तालीम ऐकली आणि दुसऱ्या दिवशी तलाव वाऱ्यावर सोडून ते शाळेत आले. गुरुजींसमोर काठी टेकून उभे राहिले.

"गुर्जी, आम्ही बौद्ध होताना शपथ घेतलेली हाय. चमत्कार मानायचा न्हाई. मुंडकं उडालेला माणूस उठून कविता करतो, असं माझी लेक बोलणार न्हाई."

"तुम्हाला बोअर पाहिजे का न्हाई?" गुरुजी म्हणाले.

"पाहिजे."

"मग?"

"पाण्यासाठी वाकायचं असतं तर विहिरीवरच वाकलो असतो."

गुरुजींनी वही मिटली. त्यांना आबांचा राग आला नव्हता, हे मला दिसत होतं. मग दोघं व्हरांड्यात बसले आणि आठवडी बाजारात बैलाचा सौदा चालावा तसा त्यांचा सौदा चालला. शेवटी ठरलं की प्रत्येक अध्यायाच्या आधी 'असं म्हणतात' असं म्हणायचं, म्हणजे योगी गुरुजींचा आणि अविश्वास आमचा. मुंडक्याच्या जागी आबांनी दोनदा 'असं म्हणतात' मागितलं. गुरुजींनी ते दिलं.

खरं काय ते मला तोवर कळून चुकलं होतं. त्यात माझी हुशारी काही नव्हती. धम्म घेतल्यावर वस्तीतल्या घराघरांतून मुलांना बुद्धाच्या मुलाचं नाव ठेवलं होतं. संध्याकाळी एका आईनं हाक मारली की अर्धी गल्ली 'ओ' द्यायची. मग लोकांनी त्यांना वेगवेगळं करून घेतलं होतं. आडावरचा, नाकाड्या, बारका, निलंग्याच्या आत्याचा. आडावरच्यानं कैऱ्या चोरल्या की मार नाकाड्या खायचा, कारण तक्रार करणारा नुसतं नाव सांगून जायचा. या सगळ्या पोरांच्या आयुष्यांना गुरुजी एकच आयुष्य समजले तर काय होईल, हा विचार माझ्या डोक्यात आला आणि जाईना.

एकदा धीर करून मी विचारलं, "गुरुजी, हे पाच जण तर नसतील?"

गुरुजींनी चष्मा काढला. त्यांना शंका आली नव्हती असं मला वाटत नाही. ते हळूच म्हणाले, "पाच साध्या माणसांवर कोण बोअर देतं बाई? एक मोठा पाहिजे." मी पुन्हा विचारलं नाही.

लातूरला आम्ही एस.टी.नं गेलो. हेडमास्तर, सरपंच, गुरुजी आणि खाकी सदरा घातलेले आबा. सभागृह खच्चून भरलं होतं आणि परीक्षकांत नांदेडहून आलेले इतिहासाचे एक प्राध्यापक होते. अमेरिकेचा अध्यक्ष टाळ्या घेऊन गेला. मग माझी पाळी आली. सेनापती छान गेला. मंत्र्याचं मुंडकं मी अशा काही आवाजात उडवलं की पुढच्या रांगेतलं बाळ रडायला लागलं. दोनदा 'असं म्हणतात' म्हटलं आणि तिसऱ्या अध्यायाला हात घातला. डोंगर, ढग, पाऊस.

पुढच्या खुर्चीवरून अप्पा उठले. भाषणाच्या मध्ये बोलू नये हे त्यांना माहीत नव्हतं किंवा मान्य नव्हतं.

"थांब बाळ. त्याचं मुंडकं उडालं ना? मग कविता कोणी लिहिली?"

सगळं सभागृह हसलं. मी गुरुजींकडे बघितलं, ते जमिनीकडे बघत होते. आबांकडे बघितलं. आबांनी काही खूण केली नाही, नुसते बघत राहिले. मला त्या वेळी मायची घागर आठवली, आणि सगळं गेलंच आहे तर खरं तरी बोलावं असं वाटलं.

"दुसऱ्यानं," मी म्हणाले. "नाव तेच. माणूस दुसरा."

आणि मग जे तोंडात आलं ते बोलत सुटले, घरच्या बोलीत. आमच्या वस्तीत एका नावाची किती पोरं हाईत, एकाचा मार दुसरा कसा खातो, सगळं. चीन म्हणजे लई मोठं गाव, तिथं तर हे होणारच. म्हणून मी त्यांना आमच्या पद्धतीनं वेगळं करते, म्हटलं. नदीवरचा, मुंडक्याचा, पावसाचा, नाडीचा आणि चेंडूचा. एक चौदाशे वर्षं जगला न्हाई. पाच जण आपापल्या पुरते जगले आणि पाचांनीही काहीतरी करून दाखवलं. नाव कोणाचंही असो, काम ज्याचं त्याचं असतं. एवढं बोलून मी नमस्कार करायचा विसरून खाली आले.

प्राध्यापक उठले आणि म्हणाले, आज सकाळपासून थोर पुरुषांबद्दल पहिलं बरोबर वाक्य ऐकलं. पहिला नंबर आमचा लागला. अप्पा तर बाकीचे निकाल वाचून व्हायच्या आधीच बोअरच्या मशीनवाल्याला निरोप धाडायला निघाले. परतीच्या गाडीत गुरुजी माझ्या मागच्या बाकावर बसले होते. निलंगा आल्यावर म्हणाले, "पाचांवरही देतात गं."

बोअरला पाणी लागलं. हापसा बसला त्या सकाळी गुरुजींनी नारळ फोडला. सरपंचांच्या घरची घागर पुढे आली, तसे गुरुजी म्हणाले, "थांबा. पोरीनं आणलाय. पहिली घागर तिच्या मायची." मायनं हापसून घागर भरली आणि बाजूला झाली. मग कोणीच पुढे येईना. शेवटी सरपंचीणबाई आल्या. त्यांनी राखेनं दांडा घासला, घागरभर पाणी हापसून त्याच्यावर ओतलं आणि मग आपली घागर भरली. मागच्या बायांचा जीव भांड्यात पडला.

तोच नियम झाला. आमच्यातल्या कोणी भरलं की गावातली बाई आधी दांडा धुणार. धुतलेलं पाणी खाली चिखलात जायचं. दुष्काळात, ज्या पाण्यासाठी चीनपर्यंत जाऊन आलो ते पाणी आमचा हात पुसून काढायला खर्ची पडत होतं. मला संताप यायचा. मी चार लोकांत बोलून दाखवलं, तर माय म्हणाली, "गप. हापसा तर हाय."

पुढे ऊन वाढलं तसं बोअरचं पाणी खाली गेलं. हापसून हापसून खांदे भरून यायचे तेव्हा कुठे घागर भरायची. मग दांड्यावर घागरीऐवजी तांब्या पडू लागला. तांब्याची चूळ झाली. मग नुसता ओला हात, मग पदर, आणि वैशाखात तेही थांबलं. एकटीच्यानं पाणी ओढेना, म्हणून बाया दोघी दोघी मिळून दांडा धरायला लागल्या. माझी माय आणि सरपंचीणबाई एका दांड्यावर चार हात ठेवून हापसायच्या आणि गुडघेदुखीवर बोलायच्या. बाई मायला अक्का म्हणू लागल्या. मी आमच्या दारातून बघायची आणि मला वाटायचं, हे आता असंच राहणार.

त्या साली मृग लागला तो धो धो. गावची विहीर पायऱ्यांपर्यंत भरली. तलाव भरला आणि आबांना पहिल्यांदा राखायला पाणी मिळालं. लोक भिजत पारावर नाचले. दुसऱ्या दिवशी हापशावर आमच्याच बाया होत्या. तिसऱ्या दिवशीही. पाणी भसाभसा येत होतं, दुसरीच्या हाताची गरज नव्हती. माय एकटीच हापसत होती आणि मधूनच थांबून गावाकडच्या वाटेकडे बघत होती.

मी वर्गात डोकं खाली घालून रडले. पाऊस पडला म्हणून रडणारी त्या साली अख्ख्या नव्या जिल्ह्यात मी एकटीच असेन.