तिनंच का सोडायचं?

नाताळ आठवड्यावर आला असताना चर्चच्या मंडळीतले वडीलधारे पुढारी योहानकाका प्रिस्किलाच्या घरी आले आणि बाजेवर बसून बराच वेळ हवापाण्याचंच बोलत राहिले. तुरीला शेंगा बऱ्या धरल्यात, थंडी यंदा कडक आहे. प्रिस्किला शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता हुंकार देत होती. पाड्यातल्या निम्म्या बायकांचे सणाचे ब्लाऊज तिच्याकडे पडून होते. शेवटी काकांनी घसा खाकरला.

"स्टीफननं विचारायला सांगितलंय. तुझं मन असेल तर ईस्टरनंतर लग्न लावून टाकू."

मशीनचं चाक थांबलं. प्रिस्किला म्हणाली, "नाताळ होऊ द्या काका. मग सांगते."

तिचा नवरा कावीळ होऊन गेला त्याला आता बरीच वर्षं झाली होती. मूल नव्हतं. नवापूरच्या पुढं, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या त्या डोंगरपाड्यावर ती आणि तिची सासू हिराबाई, अशा दोघीच राहत. दीर बारडोलीकडं साखर कारखान्यात होता, तो सणाला तोंड दाखवून जाई. माहेरच्यांनी प्रिस्किलाला परत न्यायचा प्रयत्न करून पाहिला होता, पण ती गेली नाही. का गेली नाही, हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. मशीन होती, गिऱ्हाईक होतं, थोडं शेत होतं, परसात शेवगा होता, आणि सकाळी उठल्याउठल्या भांडायला हिराबाई होती.

स्टीफन नदीपलीकडच्या पाड्यावरचा. त्याची बायको जाऊन चारेक वर्षं झालेली, मुलगी सोनगडला दिलेली. मागच्या वादळात प्रिस्किलाच्या घराची कौलं उडाली तेव्हा तो न बोलावता आला आणि दोन दिवस छपरावर चढून काम करून गेला. जेवताना फक्त एवढंच म्हणाला, "भाकरी चांगली आहे." ते वाक्य प्रिस्किलाला नंतर कितीतरी दिवस उगाच आठवत राहिलं होतं. म्हणजे माणूस नावडता नव्हता. पण त्याच्या घरी जायचं म्हणजे हिराबाईला इथं एकटीला टाकायचं. नाही म्हणायचं, तर उरलेलं सगळं आयुष्य असंच. दोन्हीतलं काय गिळायचं ते ठरेना.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. आदल्या दिवसाचा कोंबडीचा रस्सा आणि भात उरला होता, तो खाऊन सगळे टीव्हीसमोर बसले. कुठल्या तरी चॅनलवर इंग्रजी सिनेमा हिंदीत लावला होता. मोठ्या शहरात नोकरी करणारी एक पोरगी नाताळसाठी आपल्या गावी येते, तिथं लाकडाचं काम करणारा तरुण तिला भेटतो, दोघं आधी भांडतात, मग बर्फात घसरून पडतात आणि हसतात. शेवटी ती शहराकडं निघालेली असते, तो गाडीमागं धावत येतो, आणि ती नोकरी सोडून गावातच राहते. सगळं सात-आठ दिवसांत.

सिनेमा संपला आणि ओसरीत बोलणी सुरू झाली.

शेजारची रविना कॉलेजात जाणारी, तिचे डोळे अजून पाणावलेले होते. "किती छान! आपल्याकडं असं कुणी धावत येत नाही."

"नाताळचा सिनेमा म्हणे," योहानकाका करवादले. "प्रभूचं नाव एकदा तरी घेतलं का कुणी? झाडं सजवली, केक खाल्ला, झालं!"

हिराबाईला हिंदी अर्धंमुर्धं कळायचं. ती म्हणाली, "ती म्हातारी आजी बरी आहे. नुसती हसते. तिचे गुडघे दुखत नाहीत की काय? आणि पोरीला सासू कुठं दिसलीच नाही."

सगळे हसले. उंबऱ्याजवळ स्टीफन बसला होता. कुणीतरी म्हणालं, "तुम्ही बोला की भाऊ." तो थोडा अवघडला. मग म्हणाला, "पोरगा फार उशिरा बोलला. गाडी सुरू झाल्यावर बोलून काय उपयोग? तिनं थांबवली म्हणून बरं."

प्रिस्किलानं पदर सारखा केला आणि ताटं उचलायला लागली.

उपकेंद्रातली नर्स रोहिणी तिथंच भिंतीला टेकून बसलेली होती. ती शहाद्याकडच्या कळसाडीची. नवरा तिकडं शेती बघायचा आणि ती इथं भाड्याच्या खोलीत राहून नोकरी करायची. ती बोलली ती आपल्या अहिराणीतच. "माले ते पिक्चर बेस वाटनं. पन तिनीच काबर नोकरी सोडी? तो नही ये सकत का तिना शहरले?"

"बाईमाणसानंच जायचं असतं," योहानकाका म्हणाले.

"कोनी सांगं?" रोहिणी म्हणाली, आणि पुन्हा हशा पिकला. बोलणं दुसरीकडं गेलं.

प्रिस्किला मात्र हातात ताट घेऊन तशीच उभी राहिली. इतके दिवस ती जावं की न जावं एवढंच घोळवत होती. त्यानं यावं, हे तिच्या मनाला शिवलंही नव्हतं.

रात्री तिनं सासूला सगळं सांगितलं. हिराबाई भडकली. "माझं नाव पुढं करू नको! मी काय शेळी आहे, की माझ्यासाठी तू दाव्याला बांधून घेतेस? जायचं तर जा."

"तुझ्यासाठी नाही," प्रिस्किला म्हणाली. बोलता बोलता तिचं तिलाच उमगत गेलं. "मलाच हे घर सोडायचं नाही. हे माझं घर आहे."

नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी, चर्च सुटल्यावर, ती एकटीच नदी ओलांडून स्टीफनच्या शेतावर गेली. तो तुरीच्या पेंढ्या बांधत होता. तिला पाहून उठून उभा राहिला.

"मला लग्न करायचंय," ती म्हणाली. "पण मी येणार नाही. तुम्ही या."

स्टीफननं खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. "घरजावई म्हणतील. तेही तुझ्या सासूच्या घरी. लोक हसतील."

"हसतील."

"माझ्या बायकोनं लिंपलेलं घर आहे ते," तो हळूच म्हणाला.

आपण आपल्या घराचा इतका विचार केला आणि त्याच्या घराचा केलाच नाही, असं प्रिस्किलाला वाटून गेलं. तरी तिनं शब्द मागं घेतला नाही. "विचार करा," एवढं बोलून ती निघाली.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. स्टीफन चर्चमध्ये पुरुषांच्या बाजूला बसे आणि नजर खाली ठेवून निघून जाई. पाड्यात कुजबुज झालीच. कुणी म्हणालं बाईनं फार ताणलं, कुणी म्हणालं बरं केलं. प्रिस्किलाला वाईट वाटत होतं, कपडा बेतताना मध्येच तिचा हात थांबायचा. पण रोज सकाळी परसात उभी राहिली की आपण खोटं बोललो नाही, याचं तिला समाधानही वाटे.

होळीच्या सुमारास एका सकाळी परसातून ठोकाठोकीचा आवाज आला. स्टीफन पहारीनं खड्डा खणत होता. बाजूला बांबू रचलेले, आणि शेवग्याला त्याचे दोन्ही बैल बांधलेले. प्रिस्किला दारातच उभी राहिली. तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "आधी बैलांची सोय बघतो."

ती काही बोलायच्या आत हिराबाई काठी टेकत बाहेर आली. तिनं खड्डा पाहिला. "तिथं नको! शेणाचा सगळा वास चुलीपाशी येईल. त्या अंगाला घे."

स्टीफननं मुकाट्यानं पहार उचलली आणि त्या अंगाला नवा खड्डा धरला.

ईस्टरनंतर लग्न झालं. योहानकाकांनीच दोघांसाठी प्रार्थना केली. आता स्टीफन दोन्हीकडची शेती बघतो. हिराबाईशी त्याचं बैलांच्या वैरणीवरून रोज वाजतं, आणि प्रिस्किला दोघांनाही दामटून जेवायला बसवते.

अधूनमधून एखाद्या संध्याकाळी तो काही न सांगता नदीपलीकडं जातो, जुन्या घरात दिवा लावतो आणि मुक्काम करून सकाळी येतो. अशा सकाळी प्रिस्किला न्याहारीच्या भाकरी थोड्या उशिरा टाकते, म्हणजे तो येईपर्यंत गरम राहतील.