रेडिओतून आलेलं गाऱ्हाणं

गुरुदासकाकांच्या रेडिओनं मला झटका दिला तेव्हा मी ओट्यावरून थेट खाली अंगणात, खळ्यात पडलो, आणि काका हसले. आवाज नाही, नुसतं पोट हलत होतं. नर्मदाकाकी चुलीकडून धावत आली. तिनं आधी नवऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आठ महिन्यांत आज पयल्यांदा हसले," ती म्हणाली. "सुशांत, आणि येकदा हात लाव बघूया."

"काकी, मेलंय असतंय मी!"

"मेलंस नाय मां? मग लाव."

शेजारधर्म म्हणतात तो हा.

आठ महिन्यांपूर्वी काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ होती, आणि तिच्याबरोबर डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढली. तेव्हापासून काका ओठ हलवतात आणि काकी ते वाचते. खळ्याच्या दुसऱ्या टोकाला बसून ती 'चायत साखर कमी' एवढं बरोबर ओळखते. बाकी कोणाला काही कळत नाही, म्हणून काकांनी बाकी कोणाशी बोलणंच सोडलं. गळ्याला पंचा गुंडाळून माजघरात बसून राहायचे.

आवाज कोणाचा जावा? आचऱ्याच्या तिठ्यावर या माणसाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. काम शिकले ते वेंगुर्ल्याच्या साल्वादोर मेस्त्रींकडं. शिकून निघाले तेव्हा मेस्त्रींनी एक मोठा लाकडी, व्हॉल्व्हचा, साफ मुका रेडिओ त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "ह्यो रेडिओ बोललो, तर तू मेस्त्री." काका तो वेंगुर्ल्याहून आचऱ्यापर्यंत एसटीत मांडीवर घेऊन आले. सतरा दिवसांनी तो बोलला. पुढं टीव्ही आले, मोबाईल आले, दुकान मिटलं, पण हा रेडिओ ओट्यावर राहिला. काका त्याच्याशी दुभत्या म्हशीशी बोलावं तसं बोलायचे. "आज काय झाला रे तुका? थंडी लागली?"

आणि वर्षातून एक दिवस काका देवाशी बोलायचे. वाडीच्या राखणदाराचा पाषाण त्यांच्याच खळ्याच्या कोपऱ्यात आहे. मार्गशीर्षात तिथं सगळी वाडी जमते, नारळ ठेवते, आणि एक जण सगळ्यांच्या वतीनं गाऱ्हाणं घालतो. कोणाला काय हवं, कोणाचं काय चुकलं, सगळं नावानिशी देवाच्या कानावर घालायचं. प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. गाऱ्हाणं झाल्याशिवाय नारळ फुटत नाही. एकतीस वर्षं ते काका घालत होते. त्यांनी सुरुवात केली की पाणंदीतली कुत्रीसुद्धा खाली बसायची.

यंदा काय करायचं, हे विचारायला वाडीतले वडीलधारे भाई आले. त्यांनी खळ्यात उभं राहूनच सांगितलं, "गुरुदास, वायट वाटून घेव नको. दुसऱ्या वाडयेतसून माणूस आणूया."

काकांनी मान हलवली आणि आत गेले. रात्री जेवले नाहीत, हे काकीनं मला सकाळी सांगितलं. "हे गाऱ्हाणा गेला, तर ह्यो माणूस परत भायर पडाचो नाय," ती म्हणाली.

तेव्हा मला माझा म्युझिक प्लेअर आठवला. काडेपेटीएवढा. तो रेकॉर्डिंगही करतो. गेल्या वर्षी फोन चुलतभावाच्या हळदीच्या व्हिडिओंनी गच्च भरला होता, म्हणून काकांचं गाऱ्हाणं मी त्या प्लेअरवर घेतलं होतं. अकरा मिनिटं. मी तो ब्लूटूथ स्पीकरला जोडून काकांना ऐकवला. आपला आवाज ऐकून ते दचकले, मग स्पीकरकडं बोट करून काहीतरी पुटपुटले.

"म्हणतत, ह्या डब्यातसून मी बोलूचंय नाय," काकीनं सांगितलं. "हळदीत जेच्यार नाचत होतंस, तो डबो."

मग त्यांनी बोट रेडिओकडं वळवलं.

रेडिओच्या पाठीला दोन भोकं असतात, बाजूला ग्रामोफोनचं बारीक चित्र. पूर्वी तबकडी वाजवायची तर तिची वायर तिथं खुपसायची. मला वाटलं, यात काय विशेष? इयरफोनची वायर कापली, टोकं सोलली, खुपसली, रेडिओ लावला, आणि प्लेअर हातात धरला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. त्या जातीच्या रेडिओत आतल्या पत्र्यावरच घरातला करंट खेळत असतो. काकांना ते ठाऊक होतं. त्यांना फक्त ओरडता येत नव्हतं.

हसून झाल्यावर ते उठले. फळीवरून विटेएवढा ट्रान्सफॉर्मर काढला आणि झटका बसू नये म्हणून तो घरची लाईन आणि रेडिओ यांच्यामध्ये बसवला. माझी वायर दोन बोटांत धरून त्यांनी अशी बघितली, जशी सुकटात सापडलेली काडी. डावा-उजवा आवाज मी थेट एकत्र पिळला होता. त्यांनी प्रत्येकाला एकेक रेझिस्टन्स लावून कथलाचा डाग दिला. मग प्लेअरकडं बोट करून मला खूण केली, धर.

"काका, तुमी धरा आधी."

त्यांनी धरला. अर्ध्या मिनिटानं व्हॉल्व्ह तापले, रेडिओचा हिरवा डोळा उजळला आणि गुरुदासकाका रेडिओतून बोलले. "बा देवा म्हाराजा!" जाड, घुमणारा, जाळीचं कापड थरथरवणारा आवाज. काकीच्या हातातली पळी खाली पडली. काका तिच्याकडं न बघता आवाज बारीक करत राहिले.

मी पहिली दोन मिनिटं ऐकली आणि बंद केलं. आवाज चोख होता, आणखी काय बघायचं? माझ्या शिक्षणाचा दर्जा लक्षात यावा म्हणून सांगतो.

गाऱ्हाण्याच्या दिवशी सकाळी नऊला वाडी जमली. काका आठ महिन्यांनी इस्त्रीचा सदरा घालून बाहेर आले. रेडिओ ओट्याच्या कडेला, तोंड पाषाणाकडं. भाईंना हे काही फारसं पटलं नव्हतं.

"देवाक मशीन चलता?"

"लायटीची माळ चलता, मग ह्या कित्याक नाय?" काकी म्हणाली.

मी प्लेअर लावला. "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत..."

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी एका दमात. माझ्या अंगावर काटा आला. काका हात जोडून ताठ उभे होते. डोळे मिटलेले.

"होड्येक मासळी, झाडाक काजू, घराक सुख दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो निलेश, ह्येचा लगीन वर्साच्या आत होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हा..."

तोंडातून गेलं, आणि मग सगळ्यांनी निलेशकडं बघितलं. तो बायकोला, अनुजाला घेऊन पुढच्याच रांगेत उभा होता. लग्न होऊन सहा महिने झाले होते. अनुजानं त्याच्याकडं अशी नजर टाकली की तो एक पाऊल मागं सरकला.

"आणि येक?" मागून कोणीतरी म्हणालं. खळं हसून लोळलं. मीच तेवढा हसलो नाही. गेल्या वर्षीचं गाऱ्हाणं. गेल्या वर्षीची मागणी. आणखी काय काय आहे त्यात?

गाऱ्हाणं घालणारा स्वतःसाठी कधी मागत नाही. गेल्या वर्षी काकांचा आवाज जरा बसला होता, तेव्हा कोणीतरी मध्येच ओरडलं होतं. तो ओरडा आता रेडिओतून आला, आणि तो भाईंचा होता. "अरे गुरुदासा, तुझ्या घशाचा पण सांग मरे!"

रेडिओतली वाडी हसली. काकाही हसले, खाकरले, म्हणाले, "बरा. ह्यो तुझो गुरुदास, ह्येचो आवाज आसा तसोच शाबूत ठेव रे म्हाराजा! पुढच्या वर्सा ह्येच ठिकाणी ह्येच आवाजान तुका हाक मारूक दी!"

"व्हय म्हाराजा!"

ते रेडिओतल्या लोकांनी म्हटलं. खळ्यातल्याही चार-पाच जणांच्या तोंडून सवयीनं गेलं, आणि त्यांनी तोंडावर हात ठेवले. भाई पाषाणाकडं बघत होते आणि त्यांची हनुवटी उडत होती. मला प्लेअर बंद करायचं भान नव्हतं.

ते काकांनी केलं. ओट्यापर्यंत चालत आले, बटण फिरवलं. हिरवा डोळा विझला. मला वाटलं, आता आत जातील आणि दार लावतील. वाडीलाही तसंच वाटलं असावं, कारण घराच्या दाराकडची माणसं बाजूला झाली.

काका परत पाषाणासमोर गेले. हात जोडले आणि ओठ हलवायला लागले.

काहीच ऐकू येईना. नुसता गळ्याच्या पंचाआड श्वास. देवाला ऐकू गेलं असेल, पण वाडीनं 'व्हय' कशाला म्हणायचं?

काकीनं हातातलं ताट माझ्याकडं दिलं. पदर खोचला, जाऊन काकांच्या डाव्या अंगाला उभी राहिली, त्यांच्या तोंडाकडं बघत.

"बा देवा म्हाराजा," ती म्हणाली.

बायकांनी गाऱ्हाणं घातलेलं आमच्या वाडीत कोणी ऐकलेलं नाही. भाई म्हणाले, "नर्मदे, अगो..."

"मी खंय बोलतंय?" तिनं मान वळवली नाही. "हे बोलतत."

पुढचं वाक्य आलं. "गेल्या वर्सा मागलेला सगळाच मिळाक नाय, तरी आमी तुझ्याच दारात आसंव रे म्हाराजा!"

मग भाईंनी पंचानं नाक पुसलं आणि एकटेच म्हणाले, "व्हय म्हाराजा." दुसऱ्या वाक्याला निलेश आणि अनुजा, तिसऱ्याला सगळी वाडी. मासळी, काजू, शाळेतली पोरं, भाईंचा गुडघा. काकांचे ओठ आणि काकीचा आवाज यांच्यात अर्ध्या श्वासाचंही अंतर नव्हतं.

शेवटी काकी अडली. काकांचे ओठ पुन्हा हलले. त्यांनी आधी पाषाणाकडं, मग तिच्याकडं बोट दाखवलं आणि तिसऱ्यांदा तेच म्हटलं.

"हे काय सांगतत ता माका कळाक नाय," काकी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"आमका कळला," भाई म्हणाले. "व्हय म्हाराजा!"

आणि वाडी अशी ओरडली की माझ्या हातातलं ताट हललं. काकांनी नारळ उचलला आणि एकाच घावात फोडला.