तेल कुणी खाल्लं?

"हात पुढं कर," मालक म्हणाला.

वारंगा फाट्यावर, टायरवाल्याच्या दुकानासमोर, भर दुपारी. मी दोन्ही हात पुढे केले. मालकाने मुनिमाला सांगितलं, "वास घे रे. ऑइलचा येतो का बघ."

ड्रायव्हरच्या हाताला ऑइलचा वास येणार नाही, तर काय अत्तराचा येईल? मुनीम वाकला. हातभर लांबूनच त्याने नाक ओढलं. आमचं घर बौद्धवाड्यात, नाक जवळ आणून कसं चालेल! म्हणाला, "येऊन राहिला, मालक."

चहा पिणारे ड्रायव्हर हसले. माझेच सोबती. मग सीटखालची पेटी उघडायला लावली, अंथरूण झटकायला लावलं. काहीच निघालं नाही. मालक म्हणाला, "विकलं असंल."

आणि ऑइल कमी होतंय हे त्याला सांगितलं कुणी? मीच. ट्रकच्या इंजिनाचं काम झालं आणि तेव्हापासून जवळा बाजारहून कापूस भरून निघालो की वाटेत ऑइल मोजायची गेजपट्टी कोरडी. मी म्हणालो, "मालक, गाडी ऑइल खाऊन राहिली."

"गाडी खाती का तू खातोस?"

हट्ट्याला घरी आलो. बायको म्हणाली, "जेवून काहून न्हाई राहिले तुमी?" उठलो, साबणाने हात घासत बसलो. माझ्याच हातांची मला शिसारी आली. ज्या हातांनी लेकरं वाढवली त्यांची. आज त्याचीच जास्त लाज वाटते.

ड्रायव्हरवर चोरीचा शिक्का बसला की फाट्यावर त्याला कुणी गाडी देत नाही. म्हणून मी मालकाला म्हणालो, "इंजन खोलून बघा." चोरी सिद्ध होईल म्हणून तो खुशीने तयार झाला.

हिंगोलीच्या उस्ताद मेकॅनिकने गाडीखाली सरकून बघितलं. कुठेच गळती नाही. रेडिएटरचं पाणी स्वच्छ, म्हणजे त्यातही ऑइल उतरलेलं नाही. मग रेस दिली. सायलेन्सरमधून निळा धूर. "अंदरच जल रहा है," उस्ताद म्हणाला. त्याने हेड उतरवलं. पिस्टन जिथे खालीवर होतो त्या लायनरच्या भिंती घासलेल्या ताटासारख्या चमकत होत्या.

"नया काम होने के बाद गाडी खडी रखके चालू रखी थी क्या?"

पिस्टनच्या नव्या रिंगा वजन ओढताना लायनरवर बसतात. गाडी नुसती उभ्याने घरघरत ठेवली तर लायनर गुळगुळीत होतो, रिंगा बसतच नाहीत, ऑइल वर चढतं आणि जळतं. उस्तादने असं समजावलं आणि मला इंजिनाच्या कामानंतरचा, गाडीच्या पूजेचा दिवस आठवला.

मालकाने मुहूर्तावर स्वतः इंजिन चालू केलं. गुरुजींचा पत्ता नाही. मुहूर्ताचं इंजिन बंद करायचं नाही म्हणे. मी विचारलं, "बंद करू का?" मालक म्हणाला, "पूजा होईस्तोवर तू हात लावू नको. भाहीर थांब." मी फाटकाबाहेर उभा राहिलो. ऊन डोक्यावर येईपर्यंत गाडी घरघरत होती.

हे मी उस्तादला मालकासमोर सांगितलं. मालक खाली बघत म्हणाला, "मंग पूजा करायची न्हाई का माणसानं? बरं, चोरी न्हाई निघाली. झालं."

झालं!

इंजिन पुन्हा बांधलं. "लोड भरके सीधा चलाओ," उस्ताद म्हणाला. मालकाने चावी नेहमीसारखी वरून सोडली. हाताला हात लागू नये म्हणून. मी आजवर ओंजळ धरत आलो होतो. तेच रीत समजून. त्या दिवशी माझे हात हलले नाहीत. चावी मातीत पडली.

"उचल."

"न्हाई. फाट्यावर चला. ज्यांच्यासमोर चोर केलं, त्यांच्यासमोर म्हणा, ह्यो चोर न्हाई. मंग चावी हातात द्या."

"लई माजलास."

"व्हय."

मी चालू लागलो. मालक फाट्यावर आला नाही. मी एकटाच गेलो, सगळ्यांना सांगितलं. काहींनी ऐकलं, काहींनी चहात तोंड घातलं.

सध्या मिळेल ती बदलीची गाडी चालवतो. कधी मिळते, कधी नाही. इतकी वर्षं ओंजळ धरली, ती लाज अंगातून गेलेली नाही आणि ती जावी असंही मला वाटत नाही. गाडी कुणाचीही असो, चावी माझ्या हातात ठेवायची. वरून टाकली तर गाडी जागची हलणार नाही.